पळस्प्यापासून सावित्रीपर्यंत

शनिवारी पहाटे पाचच्या सुमारास पनवेलजवळच्या पळस्पे फाट्यावर वाहनांची रांग लागलेली असते. मुंबई, ठाणे आणि पुण्याकडून आलेले प्रवासी येथे एकत्र येतात आणि दक्षिणेकडे वळतात. गाडीच्या मागच्या काचेला टेकलेल्या पिशव्या, उशी कवटाळून झोपलेले मूल, आजीच्या मांडीवर ठेपल्यांचा डबा, टपावर दोरीने बांधलेले सामान. कोणी अलिबाग-नागावला, कोणी काशीद-मुरुडला, कोणी श्रीवर्धन-हरिहरेश्वरला, तर कोणी थेट दापोलीला निघालेले असते. पूर्वी ज्याचा क्रमांक १७ होता आणि आता ६६ आहे, तो राष्ट्रीय महामार्ग येथूनच सुरू होतो आणि पश्चिम किनाऱ्याच्या कडेकडेने कन्याकुमारीपर्यंत जातो. फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर प्रवासी एकमेकांना दोनच प्रश्न विचारतात : पेण-वडखळला किती गर्दी आहे आणि माणगावच्या बाजारात किती वेळ जाईल? वाटेतल्या पुलांविषयी कोणी विचारत नाही. पूल म्हणजे नदी आहे हे विसरायला लावणारी सोय, आणि सोयीची चौकशी करण्याची सवय माणसाला नसते.

पनवेलला मात्र चाक आणि पाणी या दोन्हींची ओळख फार जुनी आहे. खाडीच्या तोंडावरचे हे गाव एके काळी बंदर म्हणून भरभराटीला आले होते. मुंबईहून मचव्याने यायचे, पनवेलला उतरायचे आणि पुढे बोरघाट चढून पुण्याला जायचे, हा एकोणिसाव्या शतकातील रूढ मार्ग होता. येथे तयार होणाऱ्या बैलगाड्या आणि त्यांची चाके देशावर प्रसिद्ध होती. जुन्या गॅझेटिअरमध्येही या धंद्याची नोंद आहे. पुढे १९७३ साली वाशीचा खाडीपूल वाहतुकीला खुला झाला आणि ठाणे-मुंब्र्याचा वळसा संपला. २००० नंतर द्रुतगती मार्ग आला, २०२४ च्या जानेवारीत अटल सेतूही आला. प्रत्येक नव्या पुलाने मुंबई पनवेलच्या जवळ आणली आणि पनवेलमधून कोकणात शिरणाऱ्या गाड्यांची संख्या वाढवली. मुंबईकडचे पूल असे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील आणि एकविसाव्या शतकातील. पळस्प्याच्या पुढे मात्र प्रवासी जुन्या काळाच्या हद्दीत शिरत असे. काही ठिकाणी अजूनही शिरतो.

कोकणातील प्रवासाला पूर्वी ऋतूची मर्यादा होती. वैशाख सरला की बंदरे बंद होत, पडाव किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारले जात आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण केल्याखेरीज कोणी शीड उभारत नसे. ओढ्यांवर लाकडी साकव असत आणि मोठ्या नद्यांवर तर. पाणी चढले की माणूस अलीकडच्या काठावर थांबे. साधु-साध्वींचा विहारही चातुर्मासात एका गावी स्थिर होतो. त्यामागची जीवदयेची दृष्टी वाचकांना ठाऊकच आहे. परंतु भरलेल्या नदीसमोर थांबणे हा त्या काळच्या सगळ्याच प्रवाशांचा शहाणपणा होता. दगडी आणि पुढे काँक्रीटच्या पुलांनी ही मर्यादा संपवली. आज चित्र नेमके उलटे आहे. वर्षासहली श्रावणात निघतात, १५ ऑगस्टला जोडून आलेल्या सुट्टीत समुद्रकिनारी खोली मिळत नाही आणि गणेशोत्सवात लाखो चाकरमानी चार-पाच दिवसांत याच रस्त्याने गावी जातात. नद्यांना सर्वाधिक पाणी असते, तेव्हाच पुलांवर सर्वाधिक गर्दी असते.

या नद्या दिसायला लहान. सह्याद्रीच्या कड्यावरून उतरायचे आणि खाडीला मिळायचे, एवढाच त्यांचा संसार. परंतु घाटमाथ्यावर दिवसभर पाऊस कोसळला की काही तासांत त्यांचे रूप पालटते, आणि त्याच वेळी समुद्राला भरती असेल तर पाण्याला पुढे वाट उरत नाही. महामार्ग या नद्यांना एकामागून एक आडवा छेदत जातो. पनवेलची गाढी मागे पडली की वासुदेव बळवंत फडके यांचे जन्मगाव शिरढोण, मग कर्नाळ्याची खिंड, तारा गाव, आणि खारपाड्याला पाताळगंगा. पेणजवळ भोगावती, नागोठण्याला अंबा, कोलाडला कुंडलिका, महाडला गांधारी आणि सावित्री. रत्नागिरी जिल्ह्यात शिरल्यावर खेडची जगबुडी आणि चिपळूणची वाशिष्ठी. शालेय भूगोलात पाठ केलेली ही नावे प्रवासात मात्र हिरव्या पाटीवर क्षणभर चमकून जातात.

कधी कधी कोंडीमुळे गाडी पुलावरच थांबते. शेजारच्या मार्गिकेतून पोलादाची गुंडाळी लादलेला ट्रेलर जातो आणि पुलाला सूक्ष्म कंप सुटतो. पायाखालची फरशी हलल्यासारखी वाटते, मागे बसलेली आई दचकून विचारते, ‘‘पूल हलतोय का?’’ तुळयांवर उभारलेल्या पुलाला अशी थोडी लवचीकता असणे स्वाभाविक असते आणि तिची भीती बाळगण्याचे कारण नाही. ज्याची भीती बाळगावी ते हलत नाही आणि दिसतही नाही. ते पाण्याखाली असते.

हे समजून घेण्यासाठी नागोठण्याला जरा थांबावे. गावाजवळ अंबा नदीवर एक अरुंद दगडी कमानींचा पूल आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस चौलच्या काझी अल्लाउद्दीन यांनी तो बांधला, असे जुने दप्तर सांगते. दोन कठड्यांमधील अंतर जेमतेम पावणेदहा फूट. दोन भरलेल्या बैलगाड्या समोरासमोर आल्या तर एकीने मागे सरावे लागेल. तरीही चारशेहून अधिक पावसाळे अंगावर घेऊन तो उभा आहे. कमानीच्या बांधकामाचा गुण असा की वरून भार पडला की दगड एकमेकांना अधिक घट्ट धरतात. अशा पुलाला वरून जाणाऱ्या वजनापेक्षा खालून जाणाऱ्या पाण्याचा धोका मोठा. पुराचे पाणी खांबाला अडते, त्याच्या बुडाशी भोवरा धरते आणि पायालगतची वाळू-माती खरवडून नेते. दर पावसाळ्यात थोडी थोडी. त्यात नदीच्या पात्रातून वाळूचा बेसुमार उपसा झाला तर तळ आणखी खाली जातो आणि पाया उघडा पडतो. दगडांच्या सांध्यात पक्ष्याच्या विष्ठेतून पडलेले पिंपळाचे बी रुजते आणि मुळे पाचरीसारखी आत शिरतात. वर डांबराचा नवा थर आणि कठड्याला पांढरा-काळा रंग दिला की पूल नवा दिसू लागतो.

महाड आणि पोलादपूरच्या दरम्यान, राजेवाडी फाट्याजवळ, सावित्रीवर असाच एक दगडी कमानींचा पूल होता. १९२८ साली इंग्रजी अमदानीत बांधलेला. शेजारी नवा पूल झाल्यावर जुन्यावरून गोव्याकडून मुंबईकडे येणारी वाहने आणि नव्यावरून उलट दिशेची वाहने अशी व्यवस्था होती. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावणारी ही नदी दुथडी भरून वाहत होती. साडेअकराच्या सुमारास, मुसळधार पावसात, जुन्या पुलाचा मोठा भाग वाहून गेला. जयगडहून मुंबईला आणि राजापूरहून बोरिवलीला निघालेल्या एसटीच्या दोन गाड्या आणि एक खासगी मोटार त्या अंधारात शिरली, ती परत दिसली नाही. पुलाजवळच्या एका गॅरेजमधील कामगाराच्या ध्यानात हा प्रकार आला आणि त्याने इतरांना सावध केले, म्हणून मागून येणारी वाहने थांबली. अन्यथा आणखी किती गाड्या त्या पोकळीत गेल्या असत्या, याची कल्पनाही करवत नाही.

पुढचे दिवस ज्यांनी वर्तमानपत्रांतून वाचले, त्यांना ते आजही विसरता आलेले नाहीत. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान आणि नौदलाचे पाणबुडे गढूळ, वेगवान पाण्यात शोध घेत होते. त्या पात्रात मगरींचाही वावर. क्रेनला सुमारे ३०० किलो वजनाचे लोहचुंबक बांधून नदीचा तळ चाचपडला जात होता. पहिल्या एसटीचा सांगाडा ११ ऑगस्टला हाती लागला, दुसरीचा त्यानंतर. सुमारे चाळीस माणसे गेली. काहींचा शोध कधीच लागला नाही. काही मृतदेह खाडीतून समुद्रात जाऊन आंजर्ले, हरिहरेश्वरच्या बाजूला किनाऱ्याला लागले. ज्या वाळूत सुट्टीच्या दिवशी मुले किल्ले बांधतात, तीच ही वाळू. एसटीतील ती माणसे सहलीला निघालेली नव्हती. मुंबईतील कामावर, नोकरीवर, मुलांच्या घरी परतणारे साधे प्रवासी होते, आणि पहाटे पनवेलच्या स्थानकात त्यांच्या गाडीची वाट पाहणारे कोणीतरी असणार.

या दुर्घटनेतील एक गोष्ट हिशेबाशी संबंध असलेल्या प्रत्येकाला अस्वस्थ करणारी आहे. त्याच वर्षी मे महिन्यात या पुलाची तपासणी झाली होती आणि तो वाहतुकीस योग्य ठरला होता, असे राज्य सरकारनेच सांगितले. म्हणजे कागद होता, सही होती, तारीख होती. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर पुलांची पाहणी करण्याची सरकारी रीत आहे आणि ती पाळली गेली होती. प्रश्न उरतो तो पाहणी म्हणजे काय पाहिले याचा.

व्यापारी कुटुंबांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. बँकेने मालाच्या तारणावर कर्ज दिलेले असते, तेव्हा अधिकारी गोदामाची तपासणी करायला जातो. दारात उभे राहिले की पोत्यांची थप्पी छपरापर्यंत दिसते आणि नोंदवहीतील आकडाही जुळतो. अनुभवी अधिकारी मात्र थप्पीवर चढतो, मधली दोन पोती बाजूला करायला लावतो आणि आत पोकळी तर नाही ना हे पाहतो. पुढच्या रांगा भरलेल्या आणि मधला भाग रिकामा, असे गोदाम पाहणाऱ्याला पुढच्या रांगांचा भरवसा पुन्हा कधी वाटत नाही. पुलाच्या बाबतीत मधली पोती म्हणजे पाण्याखालचा पाया. कठड्यावरून वाकून तो दिसत नाही. त्यासाठी पाणबुड्या उतरवावा लागतो, खांबाभोवतीच्या तळाची खोली मोजावी लागते आणि मागच्या वर्षीच्या मापाशी ती ताडून पाहावी लागते. एका वर्षाच्या आकड्याला तसा काही अर्थ नाही. दहा वर्षांचे आकडे ओळीने मांडले तरच तळ खाली चालला आहे की स्थिर आहे हे कळते. कारखान्यातील यंत्राचा घसारा दरवर्षी वहीत लिहिला जातो, मग पुलाचा का नाही?

त्या दिशेने काही घडले, हेही नमूद केले पाहिजे. सावित्रीनंतर राज्यातील इंग्रजकालीन पुलांची तपासणी करण्याचे आदेश निघाले. ऑक्टोबर २०१६ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने देशातील पुलांची एकत्रित नोंद ठेवणारी व्यवस्था सुरू केली. प्रत्येक पुलाला स्वतंत्र क्रमांक, त्याचे वय, बांधणीचा प्रकार, सद्यःस्थिती. मनुष्याला जन्माचा दाखला असतो तसा पुलाला. दाखल्याबरोबर दरवर्षीचा तब्येतीचा कागदही त्याच जागी, सर्वांना पाहता येईल असा ठेवला गेला, तर त्याचे मोल वाढेल.

किनाऱ्याकडे वळणाऱ्या रस्त्यांवर तर पुलांचे वय आणखी वेगळ्या रीतीने वाढते. वडखळला महामार्ग सोडून उजवीकडे वळले की धरमतरचा खाडीपूल लागतो, रेवदंड्याच्या पुढे साळावचा. दक्षिणेला सावित्रीच्या खाडीवर आंबेत-म्हाप्रळचा पूल रायगड आणि रत्नागिरी या दोन जिल्ह्यांना जोडतो. खाडीवरचे हे पूल काँक्रीटचे; सावित्रीच्या पुलाच्या मानाने पुष्कळ तरुण. परंतु खारट वारा आणि दिवसातून दोनदा चढणारे-उतरणारे पाणी काँक्रीटच्या सूक्ष्म भेगांतून आतल्या सळईपर्यंत पोहोचते. सळई गंजली की फुगते आणि वरचे काँक्रीट ढलपे होऊन निखळते. रेवदंड्याच्या पुलावरून जड वाहनांना मनाई करण्याची वेळ आली. आंबेतचा पूल दुरुस्तीसाठी दीर्घ काळ बंद ठेवावा लागला आणि वाहने पैलतीरी नेण्यासाठी फेरीबोट सुरू झाली. ज्या तरीची गरज पुलाने संपवली होती, तीच पुन्हा धक्क्याला लागली! दापोलीकडे जाणाऱ्या पर्यटकांना त्याची मौज वाटली असेल. रोज दवाखान्याला किंवा बाजाराला जाणाऱ्या म्हाप्रळच्या माणसाला ती मौज नव्हती.

काशीदजवळची घटना तर पर्यटकांना अगदी जवळची आहे. अलिबाग-मुरुड रस्त्यावरचा तेथील लहानसा जुना पूल जुलै २०२१ मध्ये रात्रीच्या अतिवृष्टीत कोसळला आणि एका मोटारसायकलस्वाराचा जीव गेला. त्याच महिन्यात वाशिष्ठीच्या महापुराने चिपळूण बुडाले आणि तेथील जुन्या पुलाचीही मोडतोड झाली. ज्यांचे नातेवाईक बडोदा-आणंदकडे आहेत, त्यांना गेल्या ९ जुलै २०२५ ची सकाळ आठवत असेल. महिसागर नदीवरचा गंभीरा पूल भर वाहतुकीत तुटला. तो १९८५ सालचा, म्हणजे अवघ्या चाळीस वर्षांचा. नागोठण्याचा चारशे वर्षांचा पूल उभा आणि चाळीस वर्षांचा गंभीरा कोसळलेला, ही दोन उदाहरणे शेजारी ठेवली की ‘जुना पूल’ या शब्दप्रयोगाचा फारसा उपयोग नाही हे लक्षात येते.

सावित्रीचा नवा पूल मात्र लवकर झाला. २३९ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद असा हा पूल केवळ १६५ दिवसांत बांधून ५ जून २०१७ रोजी, म्हणजे पुढचा पावसाळा सुरू होण्याआधी, वाहतुकीला खुला झाला. ज्या अभियंत्यांनी आणि मजुरांनी ते काम केले, त्यांचे कौतुक करावे तेवढे थोडे. पण याच महामार्गाच्या पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या टप्प्याचे चौपदरीकरण २०११ साली हाती घेण्यात आले होते, आणि त्याच्या पूर्ततेच्या तारखा दर गणेशोत्सवापूर्वी नव्याने जाहीर होत राहिल्या. एकच रस्ता, एकच यंत्रणा. एका ठिकाणी साडेपाच महिने आणि दुसऱ्या ठिकाणी दशकाहून अधिक काळ. भूसंपादन, ठेकेदार, वनखाते अशी कारणे सांगितली जातात आणि ती खोटीही नसतील. तथापि, चाळीस माणसे गेल्यावर जी निकड निर्माण होते ती आधी का होत नाही, या प्रश्नाला कोणत्याही फाइलीत उत्तर नाही.

प्रवाशाच्या हाती फार थोडे आहे, पण ते अगदीच काही नाही असेही नाही. पुराचे पाणी पुलाच्या पृष्ठभागाला टेकले असेल किंवा पुलाच्या तोंडाशी भराव खचलेला दिसत असेल तर गाडी अलीकडे थांबवावी. हॉटेलची आगाऊ भरलेली रक्कम बुडाली तरी चालेल. अतिवृष्टीचा इशारा असेल त्या दिवशी अंधार पडल्यावर नदी ओलांडण्याची वेळ येऊ देऊ नये. सूर्यास्तापूर्वी जेवणाचा नेम असलेल्या कुटुंबांना मुक्कामाची जागा उजेडी गाठण्याची सवय असते, ती या रस्त्यावर आपोआप उपयोगी पडते. अरुंद पुलावर पुढची गाडी ओलांडण्याची घाई तर मुळीच नको. खेडजवळ जगबुडीच्या पुलावरून १९ मार्च २०१३ च्या पहाटे गोव्याहून येणारी खासगी बस खाली कोसळली आणि ३७ जण दगावले, तेव्हा नदीला पूर नव्हता.

पळस्प्याहून निघालेली गाडी पेण, वडखळ आणि माणगावची कोंडी पार करून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आली की महाड मागे पडते आणि सावित्रीचा पूल येतो. ताशी पन्नास किलोमीटरच्या वेगाने तो ओलांडायला सतरा-अठरा सेकंद लागतात. तेवढ्या वेळात कठड्यापलीकडे रुंद पात्र, काठावरची झाडी आणि बांकोटच्या खाडीकडे निघालेले पाणी दिसते. एसटीमध्ये खिडकीशी बसलेल्या एखाद्या बाईचे हात जुळतात. पुढच्या आसनावरचे मूल पाटी वाचते आणि विचारते, ही नदी कोठून येते? बहुतेक वेळा उत्तर मिळेपर्यंत पूल संपलेला असतो आणि पोलादपूरचा चढ सुरू झालेला असतो.